कमिटीचं जेवण होईपर्यंत

पोट कडक लागणं म्हणजे काय, हे मी नर्सिंगच्या मुलींना कित्येक वर्षं शिकवते आहे. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, ते शिकवता येत नाही, त्याचं पोट रबराचं, नेहमी सारखंच लागतं. मग मी मुलींना लाकडी टेबलावर हात ठेवायला लावते. म्हणते, "पोट हे असं लागलं, की पुढचं काही तपासत बसायचं नाही. आधी डॉक्टरांना हाक मारायची." मुली हसत हसत टेबल दाबून बघतात. आणखी एक गोष्ट मी दरवर्षी पुन्हा पुन्हा सांगते, कारण ती उलटी वाटते आणि लक्षात राहत नाही. अपेंडिक्सचं दुखणं वाढत जाऊन एकदम कमी झालं, पेशंट म्हणाला की आता बरं वाटतंय, तर खूश व्हायचं नाही. आत फुटलेलं असू शकतं.

हे मला इतकं पाठ आहे. त्यामुळं 'माझ्या लक्षातच आलं नाही' असं म्हणायला मला जागा नव्हती. तरी मी ते म्हणत आले. सर्जनना म्हटलं, आमच्या प्राचार्यांना म्हटलं, मुलीच्या आईला म्हटलं, घरी नवऱ्याला म्हटलं. इतक्या वेळा म्हटलं की एखाद्या दिवशी मलाही ते खरं वाटायचं.

आमचं कॉलेज बारामतीहून इंदापूरकडं जाताना लागतं. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, म्हणजे असावं लागतं. इमारत चांगली आहे, खाटा भरपूर आहेत, फक्त पेशंट नाहीत. लोक सरळ बारामती गाठतात. आमच्याकडं येतं ते खोकलाबिकला, एखादी ड्रेसिंग, एखादं बाळंतपण. आणि आम्ही शिकवणाऱ्या कागदावर पुष्कळ आहोत, प्रत्यक्षात मोजक्याच. सकाळी वर्ग, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी हॉस्टेलच्या मुलींची भांडणं आणि तापथंडी, आणि उन्हाळ्यात ऍडमिशन. ऍडमिशन म्हणजे मुली गोळा करायच्या. प्रत्येकीनं अमुक इतक्या मुली आणायच्या असं ठरवून दिलेलं असतं. नाही आणल्या तर पगार थांबतो, आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही. आमची सगळ्यांची मूळ सर्टिफिकेटं प्राचार्यांच्या खोलीतल्या कपाटात. आम्ही त्यांना मोठ्या मॅडम म्हणतो. सोडून जायचं तर आधी त्या कपाटापर्यंत पोचावं लागतं.

नवऱ्याचं काम तेव्हा सुटलेलं होतं, मुलगा पुण्याला शिकत होता, घर माझ्यावर होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून मी ते पुष्कळ वापरलं आहे.

तर अशाच एका उन्हाळ्यात सुप्याकडची दोन-तीन गावं पालथी घालून काही हाती लागलं नाही, म्हणून मी भिगवणच्या बाजूला गेले. धरणाच्या बॅकवॉटरपासून थोडं आत एक वस्ती आहे. तिथल्या एका घरात मुलगी बारावी झालेली होती. बाप लोणी देवकरला कंपनीत शिफ्टमध्ये, तो झोपलेला होता. आई पत्र्याच्या शेडमध्ये ढोबळी मिरची निवडत बसलेली. मी माझं सगळं बोलून घेतलं, नोकरी लगेच लागते, परदेशात सुद्धा मागणी आहे वगैरे. आई मिरची निवडायची थांबली नाही. म्हणाली, "ते समदं खरं असंल मॅडम. पण पोरगी हॉस्टेलात ऱ्हाणार. तिला दुखलं-खुपलं तर हाय कोण तितं?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात किती घरांत म्हटलं असेल. ते म्हटलं की आया विरघळतात, हे मला अनुभवानं माहीत होतं. या बाईनं पहिल्यांदाच हात थांबवून माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "मग न्या."

मुलगी दुसऱ्या वर्षाला गेली तेव्हा तपासणी लागली. दरवर्षी वरून कमिटी येते. वॉर्ड बघते, खाटा बघते, पेशंट मोजते. पेशंट कमी भरले तर मान्यता धोक्यात. म्हणून आमच्याकडं एक पद्धत आहे, आणि आमच्यासारख्या अजून काही ठिकाणी असेल. कमिटीच्या दिवशी मुलींना पेशंट म्हणून झोपवायचं. मुली त्याला 'झोपायला जाणं' असंच म्हणतात. कुणाच्या हाताला प्लास्टर, कुणाला सलाईन, प्रत्येकीच्या खाटेशी केस पेपर. सलाईनची सुई खरी घालायची नाही, नळी नुसती हातावर टेपनं चिकटवायची आणि वरून चादर ओढायची. कुणाला कुठला आजार हे वाटून देणं, तो आजार कसा दाखवायचा हे शिकवणं, हे ट्यूटरचं काम. म्हणजे माझं.

खरं सांगायचं तर मुलींना त्या दिवसाची मजा वाटायची. वर्ग नाही, वॉर्डातली धावपळ नाही, नुसतं पडून राहायचं. त्या सकाळी कॉमन रूममध्ये नुसता गोंधळ होता.

"मॅडम, मला डिलिव्हरी द्या ना. बाळ पण मिळणार का?"

"तुला कशाला बाळ? तू अजून स्वतःच पाळण्यात झोपतीस."

"मला फ्रॅक्चर नको हां मॅडम. मागच्या वेळी प्लास्टर काढताना हातावरची सगळी केसं उपटली."

"बरं झालं की, वॅक्सिंग फुकटात."

भिगवणच्या मुलीला मी टायफॉइड आणि हाताला सलाईन दिलं होतं. ती गोंधळात नव्हती, भिंतीला टेकून उभी होती. माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "मॅडम, मला नको आज. माझं खरंच पोट दुखतंय पहाटंपासून. उलटी पण झाली."

मी हातातले केस पेपर लावत होते. मान वर न करता म्हटलं, "मग बरंच की. नाटक करावं लागणार नाही."

सगळ्या मुली हसल्या. तीसुद्धा हसली. मुली ट्यूटरच्या विनोदाला हसतात, त्यांना हसावंच लागतं.

हे इतकं मी आधीही लोकांना सांगितलेलं आहे. थोडं अपराधी वाटल्यासारखा चेहरा करून सांगितलं की लोक म्हणायचे, अहो तुम्हाला काय माहीत. तिथं थांबलं की भागायचं. पुढचं मी सांगत नव्हते.

कमिटी दहाला येणार होती, ती बारा वाजत आले तरी ऑफिसातच कागद बघत होती. मुलींना उठायचं नाही असं बजावलेलं. मी वॉर्डातून येरझाऱ्या घालत होते. ऊन वाढलेलं, पंखे घरघरत होते, नव्या चादरींना दुकानाचा वास येत होता. भिगवणची मुलगी कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मी जवळून गेले की कण्हायची. मी तिला म्हटलं, "हळू गं. टायफॉइडला इतकं कण्हत नाहीत." तोवर माझ्या मनात खात्री नव्हती. म्हणजे वाटत होतं, पण वाटणं मी मागं ढकललं. पाळीचं असेल, हॉस्टेलच्या जेवणाचं असेल. सगळ्या ट्यूटरांचं असंच होतं. मुलींची दुखणी रजेसाठी असतात असं धरून चालायची आम्हाला सवय लागलेली असते.

मग कमिटी आली. पुढं मोठ्या मॅडम, मागं मी. कमिटीतल्या एक बाई स्वतः नर्सिंगच्याच होत्या. त्या भिगवणच्या मुलीच्या खाटेपाशी थांबल्या, केस पेपर वाचला आणि तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप आहे की हिला चांगलाच," त्या म्हणाल्या. "काय देताय?"

मी केस पेपरवर लिहिलेलं औषध सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढं सरकल्या. मोठ्या मॅडमनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच मला शाबासकी दिली. सगळ्या खाटांमधली तीच एक खरी आजारी होती आणि तिच्यामुळंच आमचं खोटं पटलं होतं. आणि मला, हे लिहायला हात धजत नाही, पण मला त्या क्षणी बरं वाटलं.

कमिटी शेजारच्या वॉर्डात गेली. मी मागं राहिले, चादरी सारख्या करायच्या निमित्तानं. तिच्यापाशी आले तर ती उताणी झालेली होती. चेहरा घामानं चकाकत होता, पण कण्हणं थांबलं होतं.

"कमी झालं मॅडम," ती म्हणाली. "एकदम कमी झालं. आता बरं वाटतंय."

मी चादरीखालून हात घातला आणि तिच्या पोटावर ठेवला.

टेबल. वर्गातलं टेबल.

हात मी लगेच काढला नाही. थोडा वेळ तसाच ठेवला, जणू ठेवून ठेवून ते मऊ पडेल. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. दुसऱ्या वर्षाची मुलगी ती. पोटाचा धडा मीच तिला घेतला होता, टेबलावर हात ठेवून तीही हसली होती.

शेजारच्या वॉर्डातून मोठ्या मॅडमचा आवाज येत होता. मी तेव्हा हाक मारली असती, तर वॉर्डातल्या वॉर्डात कळलं असतं की ही पेशंट नाही, आमची मुलगी आहे. हातातली सलाईन खोटी आहे. मग बाकीच्या खाटांवरच्या चादरी पण निघाल्या असत्या. कॉलेज गेलं असतं आणि ते माझ्या तोंडून गेलं असतं. या सगळ्याचा मी शब्दांत विचार केला नाही. इतका वेळही लागला नाही. मी चादर तिच्या गळ्यापर्यंत ओढली आणि म्हटलं, "पडून राहा. कमिटीचं जेवण झालं की बघते."

ती म्हणाली, "बरं."

जेवण वरच्या हॉलमध्ये होतं. कमिटीला मासे आवडतात असं मोठ्या मॅडमना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून भिगवणवरून सकाळीच चिलापी आणलेली. वाढायला मी आणि दुसरी एक ट्यूटर. मी ताटात तुकडे ठेवत होते. हातांना मसाल्याचा वास, आणि त्या हाताखाली अजून ते पोट.

"काटे कमी आहेत हो याला," कमिटीतले एक साहेब म्हणाले.

"धरणाची आहे सर," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "आमच्या भिगवणची खासियत. मॅडम, सरांना अजून एक वाढा."

मी वाढला. मग रस्सा वाढला. मग भात. त्यांच्या कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा विषय निघाला, हॉलच्या भाड्याचा निघाला. मी दारात उभी राहून जिन्याकडं बघत होते. मोठ्या मॅडमनी मला दोनदा खुणेनं जवळ बोलावलं, एकदा लिंबासाठी, एकदा ताकासाठी. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण बसा की आता. सकाळपासून उभ्या आहात."

मी म्हटलं, "तुमचं होऊ द्या सर."

त्यांचे हात धुऊन झाले, मग बडीशेप आली, मग फोटो झाला. फोटोत मी आहे. कडेला उभी, पदर सारखा केलेला. तो फोटो कॉलेजच्या भिंतीवर अजून आहे.

मी खाली पळत आले तेव्हा तिची नाडी हाताला नीट लागत नव्हती. ओठ कोरडे, पोट फुगलेलं. मी ड्रायव्हरला ओरडले. तो कमिटीला दाखवायची म्हणून ऍम्बुलन्स धुऊन पुसून तिच्या सावलीत बसला होता. बारामतीपर्यंत मी तिचा हात धरून होते. तिचे डोळे उघडे होते.

बारामतीच्या हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनं सलाईन लावायला तिचा हात घेतला. आधीच टेप चिकटवलेली बघून म्हणाली, "लाइन आहे का? बरं झालं." आणि टेप काढली. टेपखाली काहीच नव्हतं. सुई नाही, टोचल्याची खूण नाही, नुसती मुलीची स्वच्छ कातडी. सिस्टरनं आधी हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. तिनं दुसरी सुई घेतली.

सर्जननी विचारलं, "कधीपासून आहे हे? इतकं फुटेपर्यंत कुणी पाहिलं नाही? तुम्ही नर्सिंगच्या ना?"

मी म्हटलं, "सकाळी साधं दुखत होतं सर. मध्ये म्हणाली बरं वाटतंय. आमच्या लक्षातच आलं नाही."

ऑपरेशन झालं. आत सगळीकडं पू पसरलेला होता. ती वाचली, पण सहज नाही. जखम चिघळली, पुन्हा उघडावी लागली, तिची परीक्षा बुडाली. पहिल्या संध्याकाळी तिची आई आली, शेतातून तशीच, पायाला चिखल. मी बाकावर बसले होते. ती माझ्यासमोर आली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी उठायला बघितलं, तिनं उठू दिलं नाही.

"तुमी होता म्हणून माझी पोरगी ऱ्हायली मॅडम. तुमी म्हणला हुता, मी हाय. तुमी शबुद पाळला."

"आधी लक्षातच आलं नाही हो," मी म्हटलं.

तेव्हापासून तिच्याकडून भाजीची पिशवी यायला लागली. मुलगी सुट्टीवरून आली की पिशवी. ढोबळी, काकडी, कधी शेवग्याच्या शेंगा. मी त्या हॉस्टेलच्या मेसला देऊन टाकायची. एकदा नवरा म्हणाला, "इतकी ताजी भाजी आपल्या घरात का येत नाही कधी?" मी म्हटलं, "मला ढोबळी पचत नाही." जेवताना मला कशातच चव लागत नव्हती त्या दिवसांत. वर्गात पोटाचा धडा आला की मी दुसऱ्या ट्यूटरला घ्यायला सांगायची, घसा बसलाय म्हणून. चिडचिड वाढली होती. मुलींवर ओरडायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायची. आमच्यातल्या सगळ्याच कधी ना कधी नळ सोडून बसतात, त्यामुळं कुणी विचारलं नाही.

मुलगी बरी होऊन परत आली तेव्हा डेमो रूममध्ये एकदा आम्ही दोघीच होतो. मी कपाट लावत होते. ती खाट करत होती. नर्सिंगमध्ये पहिल्यांदा शिकवतात ते खाट करणं. पेशंट यायचा असेल तर चादर अर्धी दुमडून ठेवायची, खाटेला पेशंटच नसेल तर चादर उशीवरून पुरी ओढून घ्यायची. त्याला क्लोज्ड बेड म्हणतात. ती चादरीचा कोपरा दुमडता दुमडता म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही हात ठेवला ना. तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

मी वळले नाही. म्हटलं, "हो."

"मला वाटलंच. तुमचा चेहरा बघितला ना मी." तिनं कोपरा गादीखाली खोचला. मग म्हणाली, "आईला सांगू नका."

"का?"

"घरी बसवील. लग्नाचं बघतीच हाय ती, तिला एक कारण पाहिजेच. मला पास होऊ द्या, नोकरी लागू द्या. मग सांगा."

"तुला राग नाही आला माझा?"

"आला की," ती म्हणाली. "अजून हाय. पण तो माझा माझ्यापाशी."

आणि मला हायसं वाटलं. सगळ्यात लाजिरवाणं काही असेल तर हेच. ती माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी गप्प राहत होती, आणि मी तिच्या गप्प राहण्यात लपले. पुढची तपासणी आली तेव्हा मी पुन्हा मुलींना आजार वाटून दिले. फक्त आता आधी प्रत्येकीला विचारायची, "बरी आहेस ना? नक्की?" एवढाच फरक मी स्वतःत केला होता.

यंदा ती पास होऊन बारामतीला नोकरीला लागली. पहिला पगार झाल्यावर तिचा फोन आला.

"मॅडम, आता सांगायचं असंल तर सांगा. पण मी घरी नसताना सांगा."

मी स्कूटी घेऊन गेले. आई तिथंच होती, त्याच शेडमध्ये, पुढ्यात ढोबळीचा ढीग. बारकी एकीकडं, डागी एकीकडं, चांगली क्रेटमध्ये. मला बघून उठली, पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. मी चहा टाकू नका म्हटलं. त्याआधीच तिनं माझ्यासाठी पिशवी भरून स्कूटीच्या हुकाला अडकवली होती. कुणीही आलं की ती करते तसं.

मी सांगितलं. झोपवण्यापासून सांगितलं, पोटावरच्या हातापर्यंत. आई खाली बसून निवडत होती. हाताचा वेग कमी झाला, मग थांबला.

"म्हंजी तुमाला कळलं हुतं."

"हो."

"आणि किती येळ ठेवली तशीच?"

"कमिटीचं जेवण होईपर्यंत."

तिनं ढिगातली एक मिरची उचलली. "काय हुतं?"

"काय?"

"जेवाया. काय हुतं?"

"मासे," मी म्हटलं. "भिगवणचे."

तिनं हातातली मिरची डागी ढिगात टाकली. चांगली होती ती मिरची.

"मी तुमच्या पाया पडले हुते," ती म्हणाली.

"हो."

"पोरीला ठावं हाय?"

मी सांगितलं की तिला पहिल्यापासून माहीत आहे, आणि तिनं का लपवलं. ते ऐकून तिच्या तोंडावर जे आलं ते मला बघवलं नाही. माझ्या अपराधात मी तिच्या मुलीलाही ओढून बसवलं होतं, हे मला तिथं बसल्यावर कळलं. आईनं पदरानं तोंड पुसलं.

"आणि अजून झोपवता का पोरी?"

मी स्कूटीवरच्या पिशवीकडं बघितलं.

"इच्यारलं मी. अजून झोपवता का?"

"हो. पुढच्या आठवड्यात कमिटी आहे."

"मग हितं कशाला आलाय?" ती ओरडली नाही. "माझ्या पोरीचं झालं गेलं. ती जगली. तितं ज्या झोपणार हायेत, त्यांच्या आया कुठं हायेत? तितं जावा की. हितं मला सांगून तुमचं पोट हलकं व्हईल, त्यांचं काय?"

मी उठले. स्कूटीपाशी आले तर ती मागून आली. मला वाटलं काही बोलेल. तिनं हुकावरची पिशवी काढून घेतली आणि शेडमध्ये परत गेली.

भिगवणपासून बारामतीपर्यंत मी कुठं थांबले नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "मी यंदा मुलींना झोपवणार नाही. कुणालाच झोपवू देणार नाही."

त्यांना वाटलं मी पगाराचं बोलायला आलेय. कळल्यावर त्यांनी चष्मा काढला. त्यासुद्धा पूर्वी ट्यूटरच होत्या, मुली झोपवूनच प्राचार्य झाल्या.

"मला काय हौस आहे का मॅडम? संस्थेचे साहेब मला धरतात, मी तुम्हाला धरते. खाटा रिकाम्या दिसल्या, मान्यता गेली, तर शिकणाऱ्या पोरी कुठं जातील? त्यातल्या निम्म्या तुम्हीच घरोघर जाऊन आणल्यात."

मी म्हटलं, "मला नाही सांगता येत. पण झोपवणार नाही."

"तुमची सर्टिफिकेटं कुठं आहेत, माहितीय ना?"

"कपाटात," मी म्हटलं. "असू द्या."

मग मी वर्गात गेले आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींना सगळं सांगितलं. नाव न सांगता. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "मॅडम, आम्ही झोपलो नाही तर हजेरी कापणार का?" मी म्हटलं, "कापली तर माझ्याकडं या." म्हटल्यावर मलाच ऐकू आलं की हे पुन्हा 'मी आहे ना' झालं. मग म्हटलं, "नाही. घरी फोन करा. आईला सांगा, कॉलेजात काय चाललंय ते."

कमिटीच्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा कुणी झोपायला आलेलं नव्हतं. मोठ्या मॅडमनी बोलावलेल्या दोन-तीन मुली दारात घुटमळत होत्या, त्यांना मी वर्गात पाठवलं. नंतर मी आणि चार-पाच मुलींनी मिळून सगळ्या रिकाम्या खाटा केल्या. क्लोज्ड बेड. चादर उशीवरून पुरी ओढलेली, कोपरे ताठ. खरे पेशंट अगदी थोडे होते, एक म्हातारबाबा दम्याचे आणि एक बाळंतीण, अजून एखाद-दुसरा. कमिटीतले साहेब वॉर्डभर बघून म्हणाले, "इतक्या खाटा बंद? पेशंट कुठं आहेत?"

मोठ्या मॅडम माझ्याकडं बघत होत्या.

"एवढेच आहेत सर," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. जेवायला ते थांबले नाहीत. वर हॉलमध्ये भांडी झाकून तशीच राहिली.

निकाल अजून आलेला नाही. मोठ्या मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. दोन ट्यूटर बोलत नाहीत, त्यांचीही घरं या पगारावर आहेत, त्यांचा राग मला समजतो. मी रोज जाते, शिकवते. पोटाचा धडा मी परत माझ्याकडं घेतला आहे.

परवा त्या मुलीचा फोन आला. ड्युटीवरून आली होती, आवाज दमलेला.

"आई माझ्याशी धड बोलत न्हाय मॅडम. पण आज आपणहून फोन केला तिनं. इच्यारत हुती, झोपवल्या का म्हणून."

"नाही म्हणून सांग."

"सांगितलं. मला कॉलेजातल्या एका पोरीकडनं कळलं हुतं आधीच."

मी विचारलंच, "काय म्हणाली?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "माल न्यायला गाडी यायचीय म्हणाली, मिरची तोडाया जाते. आणि फोन ठेवला."